सशाची साक्ष

ज्या जागी काही दिसायला नको होतं तिथं एक काळी रेघ होती. नूतनने मोबाइल जवळ धरला, लांब धरला, चष्मा कपाळावर सरकवला, दोन बोटांनी फोटो ताणून मोठा केला. रेघ नुसती जाड झाली. बस खेड सोडून पुढं निघाली होती आणि शेजारच्या बाईने काळं पडलेलं केळं सोलून साल खिडकीबाहेर टाकायला हात नूतनच्या नाकासमोरून नेला. तो गोडूस, दमट, सडायला टेकलेला वास आणि ती रेघ एकदमच तिच्या आत गेली, आणि पुढं दिवसभर त्यांना एकमेकांपासून सोडवणं तिला जमलं नाही. "पेढं का वो ताई?" बाईने मांडीवरच्या खोक्याकडे बघत विचारलं. भाच्याचा साखरपुडा आहे, पेठला, नूतन म्हणाली. "पोरगी कुठली?" मामाची. "मंग घरातल्या घरातच की. बघायला नको, इचारायला नको." बाईने केळं तोंडात कोंबलं आणि समाधानाने मान हलवली. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात केळ्याचा धागा चिकटून राहिला होता. नूतनने नजर काढून घेतली, पण नजर काढून घेतली म्हणून धागा जात नाही.

फोटो आरतीने पाठवला होता. प्रयोगशाळेत नवीनच आलेली, पीएचडी करणारी, प्रत्येक वाक्याला सॉरी म्हणणारी मुलगी. 'नूतनताई, सुट्टीत त्रास देतेय, सॉरी. पुन्हा करून पाहिलं. तेच आलं. ही बाटली टाकूनच द्यावी लागेल.' नूतनचं पुण्यातलं सगळं आयुष्य अशा रेघांवर गेलेलं. पेशी फोडायच्या, त्यातली प्रथिनं विजेच्या जोरावर जेलमधून पळवायची, लहान पुढं, थोराड मागं. मग ती पातळ पांढऱ्या पट्टीवर उतरवायची, पट्टी दुधाच्या पावडरीच्या पाण्यात भिजवायची, म्हणजे रिकाम्या जागा बुजतात, आणि वर अँटीबॉडी सोडायची. अँटीबॉडी सशाची. कुठल्याशा परदेशी पिंजऱ्यातल्या सशाला एखाद्या एन्झाइमचा तुकडा टोचतात. त्या तुकड्याला ओळखणारं काहीतरी त्याच्या रक्तात तयार होतं, आणि ते रक्त काढून, गाळून, बाटलीतून इथवर येतं. ते पट्टीवरच्या गर्दीतून नेमकं आपलं माणूस हुडकतं आणि त्याला धरून बसतं. धरलं तिथं काळी रेघ. रेघ म्हणजे आहे, कोरं म्हणजे नाही. आरतीने हैदराबादहून अशा पेशी मागवल्या होत्या की ज्यांच्यातून त्या एन्झाइमचं जनुकच कापून टाकलेलं. एन्झाइम असायचा प्रश्नच नाही. त्यांची जागा नुकताच चुना मारलेल्या भिंतीसारखी कोरी यायला हवी होती. तिथंही रेघ. त्याच उंचीवर, तितकीच ऐटबाज. म्हणजे ससा दुसऱ्याच कुणाला तरी धरून बसला होता. त्याच मापाचं, त्याच अंगलटीचं कुणीतरी परकं प्रथिन. त्याच्या गळ्यात पडून तो इतके दिवस 'आहे, आहे' म्हणत होता, आणि नूतन ते 'आहे' मोबाइलमध्ये घालून घरी घेऊन गेली होती.

ते गेल्या दिवाळीत. येडगावच्या घराच्या ओट्यावर सगळे जमले होते. भाऊ सुदर्शन, त्याची बायको वैजयंता, वैजयंताचा भाऊ बाळासाहेब पेठहून आलेला, आणि मधल्या खांबाला टेकून आई, धोंडाबाई. खाली फरशीवर समृद्धी, सुदर्शनची लेक, पंधरा वर्षांची, अजून एक शब्द न बोललेली, चकलीचे तुकडे ओले करून ओळीने मांडत होती. पुण्याच्या डॉक्टरने तिला तपासून सांगितलं होतं की अशा मुलांत काही वेळा एखादं एन्झाइम जन्मतःच नसतं, दोन्हीकडून खोट आली तरच असं होतं, जनुकांची तपासणी करा म्हणजे कळेल. त्याने नावं घेतली त्यातलं एक नेमकं नूतनच्या प्रयोगशाळेतलं. मग कोण जातंय बाहेर तपासायला. "आपली नूतन हाय की," आई म्हणाली होती. "घरची मान्सं सोडून लोकांच्या दारात कशाला?" नूतनलाही ते गोड लागलं होतं. इतक्या वर्षांत तिच्या कामाचा घरात कुणाला पहिल्यांदाच उपयोग होत होता. एरवी ती म्हणजे पुण्यात एकटी राहणारी, सणाला चितळ्यांच्या बाकरवडीसकट येणारी मोठी बहीण. नारायणगावात समृद्धीचं रक्त काढून बर्फाच्या थर्मासातून तिने ते पुण्याला नेलं, आणि रेघ आली. "पर ते करतं काय येवढं?" दिवाळीला ओट्यावर बाळासाहेबाने विचारलं होतं. नूतन म्हणाली, पेशीत माल वाहणारे बारके हमाल असतात, टीआरएनए त्यांचं नाव. प्रत्येकाने आपापला ठरलेला माल ठरलेल्या जागी उतरवायचा, त्यातून प्रथिन तयार होतं. हे एन्झाइम त्या हमालांच्या दंडाला बिल्ला बांधतं. बिल्ला नसला की हमाल भलत्या गाळ्यावर माल टाकतो. "म्हंजी मार्केट कमिटी म्हणा की," बाळासाहेब म्हणाला. "आन आपल्या समूच्यात कमिटी हाय?" आहे, नूतन म्हणाली आणि मोबाइल पुढं केला. आईने त्या काळ्या रेघेला कुंकवाचं बोट लावून मग ते कपाळाला लावलं. स्क्रीनवर कुंकवाचा तेलकट ठसा उमटला. नूतनने तो परतीच्या बसमध्ये पदराने पुसला होता, हसत. आज तो ठसा आठवून तिला मोबाइल पर्समध्ये टाकून हात धुवावेसे वाटले. बसमध्ये पाणी नव्हतं. बोटांना प्रयोगशाळेतल्या शिळ्या दुधाचा वास येत होता, म्हणजे येत नसणार, पण येत होता.

त्या रेघेने घर बदललं होतं, हीच तर अडचण. समृद्धी झाल्यापासून वैजयंताला गावात कुणाच्या ओटीला हात लावू द्यायचे नाहीत. तसं कुणी तोंडाने म्हणायचं नाही. ओटी भरायची वेळ आली की आई म्हणायची, "वैजे, चुलीकडं बघ जरा." वैजयंता आईच्या सख्ख्या भावाची लेक, तरी. किंवा म्हणूनच. रेघ आली आणि आईने संक्रांतीला स्वतः तिच्या हातात वाण दिलं. खोट रक्तात नाही, बाळंतपणात गुदमरली असंल पोर, असं आता सगळ्यांनी ठरवून टाकलं. आणि त्यातूनच हे लग्न आलं. समृद्धीचा थोरला भाऊ ऋषी, चाकणच्या कंपनीतला, आणि बाळासाहेबाची लेक तेजस्विनी. भाच्याचा मामाच्या पोरीवर हक्क असतोच, तो बोलायला दोन्ही घरं कचरत होती. आता कचरायचं कारण उरलं नाही. आज पेठमध्ये तेजस्विनीची ओटी होणारी सासू म्हणून वैजयंता भरणार होती. पंधरा वर्षांतली पहिली ओटी. गाडी मंचरच्या अलीकडेच पेठच्या फाट्याला थांबली आणि नूतन पेढ्यांचं खोकं सांभाळत उतरली.

बाळासाहेबाच्या दारात मांडव होता आणि मांडवामागे बटाट्याची थप्पी. सातगाव पठाराला लावायला आणलेलं बेणं उकाड्याने मधूनच नासलं होतं आणि पोत्याखालून तपकिरी पाणी ओघळून मांडवाच्या गालिच्यापर्यंत आलं होतं. नासलेल्या बटाट्याइतका घाण वास नूतनला दुसरा माहीत नव्हता. मेलेल्या प्राण्याचा वास निदान सरळ असतो, हा आधी मातीसारखा येतो, ओळखीचा वाटतो, माणूस तो पुरता आत घेतो, आणि मग कळतं. त्यावर कुणीतरी अत्तर शिंपडलं होतं. "या, ताई या," बाळासाहेब फेटा सावरत पुढं आला. "आमचं लगीन जमवनारा ससा कुठाय? त्याला बी आहेर घेतलाय." मांडवात हशा झाला. हा विनोद त्याने गेल्या सहा महिन्यांत प्रत्येक पाहुण्याला सांगितला असणार, कारण सगळे पुढचं वाक्य आधीच ओठांवर धरून होते. "गाजराचा हार करा मंग," कुणीतरी म्हणालंच. नूतन हसली. आपला चेहरा हसतोय हे तिला बाहेरून कळलं. तिला एकदा संस्थेच्या प्राणिगृहात पाहिलेला ससा आठवला. फडक्यात गुंडाळलेला, नुसता कान बाहेर, आणि कानातली शीर उजेडासमोर धरलेली. त्याने काहीही शपथ घेतली नव्हती. त्याला टोचलं, त्याच्या रक्ताने जे धरायचं ते धरलं. साक्ष ही माणसांनी काढली.

समृद्धी धावत आली आणि नूतनच्या कमरेला बिलगली. तिला नवी परकर-चोळी घातली होती आणि छातीवर लाळ पडू नये म्हणून जरीच्या चोळीवर रुमाल टाचला होता. रुमाल ओलाचिंब झालेला. तो ओलावा साडीतून नूतनच्या पोटाला लागला आणि तिचं अंग आक्रसलं, नेहमीसारखं, आणि नेहमीसारखा तिने हात उचलून समृद्धीच्या केसांवरून फिरवला. कुणाला कळलं नसतं. ही किळस तिच्यात फार जुनी होती, समृद्धीच्याही आधीची. सोपानची. सोपान तिचा थोरला भाऊ, तोही न बोलणारा, पाठीला मोठी उशी लावून गोठ्याशेजारच्या खोलीत बसलेला. ती पाच-सहा वर्षांची असताना तिच्या ताटलीतून भात उचलून, तोंडात घालून परत ठेवणारा. तो भात तिने खावा म्हणून आई उभी राहायची. तो ओल्या कापसासारखा भात घशाखाली जाताना डोळ्यांत पाणी यायचं, आणि सोपानला वाटायचं ती रडतेय, म्हणून तो तिच्या तोंडावरून हात फिरवायचा, तोच हात. तो गेला तेव्हा आई "सुटला" म्हणाली आणि त्याची गोधडी नदीकडे नेऊन जाळली. पुढं धरणाचं पाणी फुगलं, ती जागाही पाण्याखाली गेली. घरात त्याचा फोटो नाही. नाव कुणी घेत नाही. सुदर्शन तेव्हा जन्मलेला नव्हता. पुण्याच्या डॉक्टरने विचारलं होतं, घरात आधी असं कुणी होतं का, आणि आई म्हणाली होती, "न्हाई बा." तेव्हा नूतन टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत बसली. आईसुद्धा आपल्या आत्याच्याच घरात दिलेली. हे सगळं नूतनला माहीत होतं आणि तरी ती रेघ पाहून प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत तिला रडू आलं होतं. आनंदाने. आपल्या रक्तात काही नाही. त्या आनंदाची आत्ता तिला सगळ्यात जास्त शिसारी आली. बटाट्यांपेक्षा.

तिने सुदर्शनला मांडवाच्या कडेला गाठलं. "सुदा, जरा ऐक. त्या तपासणीचं..." सुदर्शनच्या हातात साखरेचा पुडा होता आणि घामाने कागद त्याच्या बोटांना चिकटला होता. "ताई, आधी तोंड गोड कर, मग तपासणी," म्हणत त्याने आख्खा पेढा तिच्या तोंडात सारला आणि वळून कुणाला तरी हाक मारली. पेढा खव्याचा नव्हता. वनस्पती तुपाने टाळ्याला साय धरली. नूतन बोलायला बघत होती आणि तोंड भरलेलं होतं. पेढा ना गिळला जात होता ना विरघळत होता. समोर आई नव्या लुगड्यात बसून बायकांना सांगत होती, "आमच्या नूतननं मशिनीवर बघितलंय. रगत चोख हाय." याच्या उलट सांगायचं असतं तर सोपं होतं, नूतनच्या मनात आलं. रगत नासकं आहे, मोडा लग्न. लोक चिडले असते, पण त्यांना कळलं असतं. आपल्याला सांगायचंय ते तसं नाही. खोट आहे असं नाही, नाही असंही नाही. आपण जे सांगितलं ते काही सांगणंच नव्हतं. इतकी माणसं, इतके फेटे, एवढा भात शिजलेला, आणि त्यांच्यापुढे जाऊन म्हणायचं, मला माहीत नाही. एवढ्यासाठी कुणी मांडव थांबवतं का? ती मांडवामागे गेली आणि बटाट्यांच्या पाण्यावर पेढा थुंकली.

आतल्या खोलीत वैजयंता एकटीच होती. तिने पलंगावर खण, नारळ, हळकुंडं, गहू असं सगळं मांडलं होतं आणि ती प्रत्येक वस्तू उचलून जरा हलवून परत ठेवत होती. "वन्सं, खण आधी का नारळ आधी? मला कुठं सवय हाय." नूतनने दार लोटलं आणि मोबाइल काढला, मग परत ठेवला. रेघ दाखवून काय होणार होतं, दोन्ही रेघा सारख्याच होत्या. तिने तोंडानेच सांगितलं. ती बाटली खोटी निघाली. एन्झाइम नसलं तरी ती आहे म्हणते. समूचं आपल्याला काहीच कळलेलं नाही. ऋषीचं नाही, तेजूचंही नाही.

वैजयंता गव्हात बोटं घालून उभी राहिली. "म्हंजी परत माझ्यावर," ती म्हणाली.

"तुझ्या एकटीवर कधीच नव्हतं. असलंच तर दोन्हीकडून असावं लागतं. सुदाकडून पण." नूतनचा घसा अजून तुपट होता. "वैजू, मला एक भाऊ होता. सुदाच्या आधी. समूसारखाच. सोपान."

बाहेर बँजोवाल्याने सूर लावून पाहिला आणि थांबवला.  वैजयंताच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून नूतन वाट पाहत होती. आला तो राग नव्हता, ताटात केस निघाल्यावर माणूस जसा नुसता थांबतो तसं काहीतरी होतं. "आत्याला ठावं व्हतं," ती म्हणाली. "पोटचा व्हता त्यांच्या, त्यांना कसं ठावं नसंल. आन मला म्हनायच्या, चुलीकडं बघ." तिने पदराने कपाळ पुसलं. "त्या चुलीकडं बघ म्हनल्या का मी बघायची वन्सं. धूर व्हायचा. डोळ्यातलं पानी कशाचं ते कुनी इचारायचं नाय, तेवढं बरं व्हतं." मग तिने खण उचलून नारळावर ठेवला आणि ताट दोन्ही हातांनी धरलं. "एवढी एक वटी भरू द्या मला. त्याच्या फुडं काय ते मी बघते."

नूतन बाजूला झाली. थांबवायला हवं होतं आणि तिने थांबवलं नाही. मांडवात तेजस्विनी मोरपंखी शालूत पाटावर बसली होती, गालांवर पार्लरवालीने चमकी मारलेली. आई पुढं सरसावून म्हणाली, "वैजे, आधी हळद." वैजयंताने आईकडे पाहिलंच नाही. तिने सावकाश, चुलीकडे कुणी पाठवणार नाही अशा संथपणाने, हळद लावली, कुंकू लावलं, ओंजळी भरभरून गहू पदरात टाकले, नारळ ठेवला. काही गहू जास्तच पडले, खाली सांडले, कुणीतरी "पुरं की" म्हणालं, तरी ती भरत राहिली. मग डोक्याला डोकं टेकायला वाकावं तशी वाकली आणि तेजस्विनीच्या कानात काहीतरी बोलली. बायकांना वाटलं आशीर्वाद देते आहे. दोघींची डोकी बराच वेळ एकत्र होती. तेजस्विनीच्या गालावरची चमकी वैजयंताच्या कानाला लागून आली.

नूतन मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीशी जाऊन चुळा भरत होती. एक, मग आणखी एक. तूप जात नव्हतं. पाठीमागे बांगड्या वाजल्या. तेजस्विनी भरल्या पदराचं ओझं दोन्ही हातांनी पोटाशी धरून, नासलेलं पाणी चुकवत, शालू वर खोचत येत होती. तिच्या मागोमाग आतून बाळासाहेबाचा आवाज आला, "आगं तेजे, फोटोवाला थांबलाय." ती टाकीच्या आडोशाला उभी राहिली. "आत्या, वैजूआत्या म्हनली ते खरं का?"

"खरं."

"समूला ते घरान्यातनं आलंय?"

"माहीत नाही."

"ऋषीत हाय?"

"माहीत नाही."

"माझ्यात?"

नूतनने तोंडातलं पाणी थुंकलं. "माहीत नाही गं."

तेजस्विनीने भरली ओटी एका हातावर तोलली आणि दुसऱ्या हाताने घामाला चिकटलेली चमकी गालावरून ओरबाडली. ती फार शांत दिसत होती, का घाबरली होती, हे नूतनला ओळखता येईना. आपल्याला कुणाचंच काही ओळखता येत नाही असं तिला वाटलं. "मला ऋषी आवडतो," तेजस्विनी म्हणाली, जसं काही त्याचीही शंका कुणी काढलीय. "आज तारीख धरायची नाय, ते मी बाबांना सांगते. वराडतील, वराडू द्या. सोमवारी आमी दोघं पुन्याला येतो. डागदरनं सांगितली ती जनुकाची तपासनी करायची."

"ये. मी येते तुमच्याबरोबर. माझ्या ओळखीचे..."

"बरोबर या," तेजस्विनी म्हणाली. "पर आत्या, तुमी नका तपासू. आन तुमच्या वळखीचं बी नको. आमाला वळखत नसंल असं कुनीतरी बघू द्या."

आत बँजो पुन्हा सुरू झाला. नूतनने मान हलवली, आणि ती नीट हलली का नाही हे पोरीला दिसलं नसेल म्हणून तोंडानेही "बरं" म्हणाली. तेजस्विनी ओटी सावरत वळली. दोन पावलांवर तिच्या पदरातून काही गहू सांडले, ते उचलायला ती थांबली नाही.